निर्वासितांचा कैवारी : फ्रित्यॉफ नान्सेन

बी. ए. च्या वर्गाला राष्ट्रसंघ शिकविण्याचे काम गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे. पाठ्यपुस्तकांनी राष्ट्रसंघाची वासलात तीन-चार पानांत लावलेली असते. १९२० साली तो जन्माला आला, अमेरिका त्यात आलीच नाही, जपानने मांचुरिया गिळला, इटलीने ॲबिसिनिया गिळला आणि पुढे हिटलरने साऱ्याच गोष्टींचा निकाल लावला. विद्यार्थी अपयशाची सात कारणे पाठ करतात, परीक्षकही सातच मोजतो, आणि प्रकरण मिटते. या अपयशी ठरविलेल्या संस्थेच्या आडोशाने एक उंचापुरा, झुबकेदार मिशांचा, रुंद काठाची हॅट घालणारा गृहस्थ दहा वर्षे राबत होता. चार लाखांवर युद्धकैदी त्याने घरी पोचविले, आणि ज्यांना कोणताच देश आपले म्हणेना अशा लक्षावधी माणसांच्या हाती एक कागद ठेवला. ही हकीगत मात्र त्या पानांत सापडत नाही.

हा गृहस्थ कोणा बड्या राष्ट्राचा मुत्सद्दी नव्हता. तो नॉर्वेचा होता. १९२० साली नॉर्वेची लोकसंख्या २६ लाखांच्या आसपास होती. आपल्या एकट्या बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४७ लाखांवर गेली. त्यावरून हा देश केवढा, याचा वाचकांनी अंदाज करावा. एवढ्याशा देशाच्या माणसाचे जगाने ऐकावे असे त्याच्यापाशी काय होते, आणि जगाने कोठपर्यंत ऐकले, हे पाहावे म्हणून हे चरित्र लिहावयास घेतले आहे. आपण सीमाभागातली माणसे. कोणत्या कागदावर, कोणत्या रकान्यात आपले नाव पडते याला काय मोल असते, हे आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. या अंकाच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांच्या वाचकांना हा विषय परका वाटू नये.

फ्रित्यॉफ नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी, क्रिस्तियानिया म्हणजे आजच्या ऑस्लो शहरालगतच्या एका शेतवाडीत झाला. वडील वकील, कडक शिस्तीचे. आई मोकळ्या हवेची भोक्ती. बायकांनी पायाला स्कीच्या लाकडी पट्ट्या बांधून बर्फावर धावावे हे त्या काळच्या प्रतिष्ठित घरांत बसत नसताना ती धावत असे. मुलगा रानावनांत आणि बर्फात वाढला. विद्यापीठात त्याने प्राणिशास्त्र घेतले, ते बंद खोलीपेक्षा बाहेर हिंडावयास मिळेल म्हणून. १८८२ साली सीलच्या शिकारीला जाणाऱ्या जहाजावरून ते प्रथम उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात गेले. पुढे बर्गेनच्या संग्रहालयात नोकरी, सूक्ष्मदर्शकाखाली खालच्या दर्जाच्या समुद्री प्राण्यांच्या मज्जासंस्थेचा अभ्यास, आणि १८८८ साली डॉक्टरेट. मज्जापेशींविषयीचे त्यांचे संशोधन त्या शास्त्राच्या इतिहासात आजही मानाने उल्लेखिले जाते. केवळ प्राध्यापकच राहिले असते तरी नाव राहिले असते.

डॉक्टरेटची परीक्षा होते न होते तोच पाच सोबती घेऊन ते ग्रीनलंडच्या मोहिमेवर निघाले. ग्रीनलंडचे बर्फाचे पठार तोपर्यंत कोणी आरपार ओलांडलेले नव्हते. आधीचे सारे प्रवासी पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरत, कारण वस्ती तिकडे होती. अडचण आली की मागे फिरता येई, आणि म्हणूनच सारे मागे फिरत. नान्सेन यांनी उलटी वाट धरली. निर्मनुष्य पूर्व किनाऱ्यावर उतरायचे आणि पश्चिमेकडे चालायचे. मागे काहीच नाही, तेव्हा पुढे जाण्यावाचून गत्यंतर नाही. आपल्याकडे सिंहगडाचे दोर कापल्याची कथा मुलांना शिकवितात, तिची येथे सहजच आठवण होते. ऑक्टोबर १८८८ मध्ये ते पलीकडे पोचले. तोवर परतीचे शेवटचे जहाज निघून गेले होते, म्हणून हिवाळाभर ते तेथील एस्किमो, आजच्या शब्दांत इनुइट, लोकांबरोबर राहिले. त्यांची होडी वल्हवावयास शिकले, त्यांच्या चालीरीतींवर पुस्तक लिहिले.

दुसरी मोहीम 'फ्राम' जहाजाची. 'फ्राम' म्हणजे पुढे. सैबेरियाच्या उत्तरेस बुडालेल्या एका अमेरिकन जहाजाचे अवशेष तीन वर्षांनी ग्रीनलंडच्या किनाऱ्याला सापडले होते. त्यावरून ध्रुवाजवळून एक प्रवाह वाहत असला पाहिजे असे अनुमान नान्सेन यांनी काढले. मग बर्फाशी झगडायचे कशाला? जहाजच असे बांधावे की बर्फाने आवळले तर ते चिरडू नये, वर उचलले जावे. आणि बर्फातच अडकून प्रवाहाबरोबर जावे. जाणत्या दर्यावर्दींनी या योजनेला वेडेपणा ठरविले. १८९३ च्या जूनमध्ये तेरा माणसे निघाली. प्रवाह थेट ध्रुवावर नेत नाही असे दिसताच मार्च १८९५ मध्ये नान्सेन आणि योहान्सेन असे दोघेच कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन पायी निघाले आणि ८६ अंश १४ कलांपर्यंत पोचले. तोवर इतक्या उत्तरेस कोणी गेलेले नव्हते. परतताना दगडांच्या आणि वॉलरसच्या कातड्याच्या झोपडीत, अस्वलाच्या मांसावर त्यांनी सारा हिवाळा काढला. १८९६ च्या ऑगस्टमध्ये ते नॉर्वेच्या किनाऱ्याला लागले आणि आठवडाभरात 'फ्राम'ही सुखरूप आले. तेरापैकी एकही दगावला नव्हता.

या बर्फातल्या कथा रंगवून सांगाव्या तितक्या थोड्याच. पण मला पुढचे सांगावयाचे आहे, म्हणून त्या येथेच आवरतो. एवढेच ध्यानात ठेवावे की या दोन मोहिमांनी त्यांना जगभर ओळखीचे केले आणि पुढे कोणत्याही राजधानीत त्यांना चिठ्ठी पाठवून ताटकळावे लागले नाही. लहान देशाला ही मोठीच मिळकत झाली.

नॉर्वे तेव्हा स्वतंत्र नव्हता. १८१४ पासून स्वीडनच्या राजाखाली दोन्ही देश जोडलेले होते. ७ जून १९०५ रोजी नॉर्वेच्या संसदेने ते बंधन तोडले, तेव्हा दोन्हीकडे सैन्याची हालचाल सुरू झाली होती. युद्ध झाले नाही. सप्टेंबरात कार्लस्टाड येथे तडजोड झाली : सीमेवरील काही किल्ले पाडायचे, दोन्ही बाजूंना लष्कर नसलेला पट्टा राखायचा आणि पुढे तंटा उपस्थित झाल्यास तो हेगच्या लवादापुढे न्यायचा. किल्ले पाडण्याची अट नॉर्वेतील पुष्कळांना झोंबली होती. तरी ती मानली गेली आणि त्या दोन देशांत त्यानंतर कधीही तलवार उपसली गेली नाही. या काळात नान्सेन परदेशी वृत्तपत्रांतून नॉर्वेची बाजू मांडीत होते. नव्या राज्याला राजा हवा होता, तो डेन्मार्कच्या राजपुत्राने व्हावे म्हणून कोपनहेगनला जाऊन त्याचे मन वळविण्यातही त्यांचा हात होता. राजपुत्र धोरणी. आधी जनतेचा कौल घ्या म्हणाला, तो घेतला गेला, आणि मगच तो आला.

१९०६ ते १९०८ नान्सेन लंडनमध्ये नॉर्वेचे वकील होते. नॉर्वेच्या अखंडत्वाची हमी ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि रशिया यांनी द्यावी असा करार १९०७ च्या नोव्हेंबरात झाला. त्याची बोलणी हे त्यांचे तेथील मुख्य काम. पुढच्याच महिन्यात त्यांच्या पत्नी एव्हा वारल्या. त्या उत्तम गायिका होत्या. त्या अत्यवस्थ आहेत असे कळून ते निघाले, पण भेट झाली नाही. मुत्सद्देगिरीचा त्यांना मनापासून वीट होता. ते संशोधनाकडे, समुद्राच्या प्रवाहांच्या अभ्यासाकडे परतले. दक्षिण ध्रुवाचे स्वप्न त्यांच्या मनात होते. पण 'फ्राम' त्यांनी आमुंडसेनला दिले आणि १९११ मध्ये तो मान आमुंडसेनने मिळविला.

मग १९१४ चे महायुद्ध आले. नॉर्वे तटस्थ राहिला, पण तटस्थ माणसालाही पोट असते. देशाला धान्य बाहेरून आणावे लागे, आणि अमेरिका युद्धात उतरल्यावर तिने निर्यात आवळली. नान्सेन शिष्टमंडळ घेऊन वॉशिंग्टनला गेले आणि महिनोन्महिने बसून १९१८ च्या एप्रिलमध्ये धान्याचा करार घेऊनच आले. घरचे सरकार चाचरत होते. सही त्यांनी आपल्या जबाबदारीवर केली. कागदावरच्या चार ओळींनी किती चुली पेटतात हा धडा त्यांनी येथे घेतला असावा असे मला वाटते.

एप्रिल १९२० मध्ये राष्ट्रसंघाने त्यांच्याकडे युद्धकैद्यांचे काम सोपविले. युद्ध थांबून दीड वर्ष लोटले होते, तरी जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी येथील लक्षावधी सैनिक रशियात आणि सैबेरियात अडकून पडले होते, आणि रशियाचे सैनिक जर्मनीत. सैबेरियातला हिवाळा, टायफस, उपासमार. कित्येकांची स्थिती तर अशी की ज्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बादशहासाठी ते लढले तो बादशहाही राहिला नाही आणि तो देशही. घरी जायचे, पण घर आता कोणत्या देशात आहे?

येथे लहान देशाचा माणूस कामाला आला. मॉस्कोचे सोव्हिएत सरकार राष्ट्रसंघाला मानावयास तयार नव्हते, आणि राष्ट्रसंघातील बडी राष्ट्रे मॉस्कोला मानावयास तयार नव्हती. ब्रिटन-फ्रान्सचा माणूस गेला असता तर त्याच्या पाठीमागे फौजा दिसल्या असत्या. नान्सेन यांच्या पाठीमागे काय होते? मासे, जंगले आणि बर्फ. मॉस्कोने त्यांच्याशी व्यक्ती म्हणून बोलणी केली. आपण कोणाशी बोलत आहो याकडे दोन्ही पक्षांनी सोयीने डोळेझाक केली. व्यवस्था ठरली ती अशी : रशियाने गाड्या भरून कैदी एस्टोनियातील नार्वा येथे आणावयाचे; तेथे आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या छावणीत त्यांची आंघोळ, अन्न, तपासणी व्हावयाची; तेथून जहाजे त्यांना स्टेटिन बंदरात नेणार आणि येताना रिकामी न येता रशियन कैदी भरून आणणार. काळ्या समुद्राकडून आणि व्लादिवोस्तोककडूनही वाटा उघडल्या. १९२२ मध्ये त्यांनी राष्ट्रसंघापुढे हिशेब ठेवला : ४,२७,८८६ माणसे घरी पोचली. या कामातील त्यांचे तरुण साहाय्यक फिलिप नोएल-बेकर यांना पुढे १९५९ चे शांततेचे नोबेल मिळाले.

हे काम चालू असतानाच व्होल्गाकाठी दुष्काळ पडला. १९२१ चा तो दुष्काळ म्हणजे युद्ध, यादवी, सक्तीची धान्यवसुली आणि अवर्षण या चौघांचे एकत्र आलेले पाप. मृतांचा अंदाज ५० लाखांच्या घरात जातो. ऑगस्टमध्ये जिनिव्हाला रेडक्रॉस आणि इतर संस्थांनी नान्सेन यांना मदतकार्याचे प्रमुख नेमले. त्याच महिन्यात मॉस्कोला जाऊन त्यांनी चिचेरिन यांच्याशी करार केला. पैसा मात्र सरकारांनीच द्यावयास हवा होता. सप्टेंबरअखेर राष्ट्रसंघाच्या सभेत ते उभे राहिले. ५० लाख पौंड त्यांनी मागितले, म्हणजे त्यांच्याच हिशेबाने एका युद्धनौकेच्या निम्मी किंमत. एकीकडे मका गिऱ्हाईक नाही म्हणून इंजिनात जळतो आहे, जहाजे बंदरांत रिकामी पडली आहेत आणि दुसरीकडे माणसे गवत खात आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. सभेने टाळ्या वाजविल्या आणि वाटाण्याच्या अक्षता लावल्या. रशियन शेतकऱ्याला अन्न दिले तर बोल्शेविक सरकार टिकेल, ही भीती. उपाशी माणसाच्या तोंडी घास घालण्याआधी त्याचे सरकार कोणते हे विचारावे, हा प्रश्न १९२१ मध्येच संपला असे कोणी समजू नये.

मग त्यांनी गावोगाव व्याख्याने दिली, दुष्काळाची छायाचित्रे पडद्यावर दाखविली, वर्गण्या जमविल्या. खरे बोलावयाचे तर सर्वांत मोठे काम त्यांच्या हातून झाले नाही. ते हूव्हर यांच्या अमेरिकन मदत-संघटनेने केले. ऐन भरात ती दररोज सुमारे एक कोटी लोकांना जेवू घालीत होती. नान्सेन यांच्यावर बोल्शेविकांचे हस्तक म्हणून आरोप झाले. दुसरी टीका अधिक टोकदार आहे : १९२२ च्या अखेरीस मॉस्को धान्य परदेशी विकावयास निघाले, तरी ते त्यांच्याशी नरमाईनेच वागले. ही टीका मला निराधार वाटत नाही. ज्याच्याकडे फौज नाही आणि तिजोरीही नाही, त्याला दारे उघडी ठेवण्यासाठी घरमालकाशी गोड बोलावे लागते, आणि त्या गोड बोलण्याची किंमत कोणी तरी मोजतेच. (खार्कोव्हमधील त्यांच्या मदत-केंद्रात क्विसलिंग नावाचा एक नॉर्वेजियन लष्करी अधिकारी फार तडफेने काम करीत होता. दुसऱ्या महायुद्धात तो हिटलरला मिळाला, आणि इंग्रजी भाषेत त्याचे नाव देशद्रोही या अर्थी रूढ झाले. माणसाचे काही सांगता येत नाही.)

आता त्या कागदाची हकीगत. नोव्हेंबर १९२० मध्ये क्रिमियातून रँगेल यांच्या पराभूत सैन्याबरोबर दीड लाखाच्या आसपास माणसे जहाजांत बसून कॉन्स्टँटिनोपलला आली. बाल्कन देशांत, पोलंडमध्ये, बर्लिन-पॅरिसमध्ये मिळून रशियातून बाहेर पडलेल्यांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली होती. डिसेंबर १९२१ मध्ये लेनिन यांच्या सरकारने अशा लोकांचे नागरिकत्वच काढून घेतले. माणूस आहे, त्याचे शिक्षण आहे, हातात कसब आहे, पण तो कोणाचाच नाही. बल्गेरियात काम आहे असे कळले तरी तो सरहद्द ओलांडू शकत नाही. कारण पासपोर्ट देणार कोण? कागद नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून तुरुंग, आणि तुरुंगातून सुटल्यावर सीमेपलीकडे हकालपट्टी. पलीकडचा शिपाई पुन्हा अलीकडे ढकलणार.

हे फार दूरचे वाटत असेल तर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची आठवण करावी. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुले. रशियाने त्यांना सैबेरियाकडे नेले होते, तेथून इराणमार्गे ती आपल्याकडे आली. युद्ध संपले तेव्हा त्यांचा देश नकाशावर होता, पण पुष्कळांच्या गावांवरून सरहद्द सरकून गेलेली होती.

नान्सेन यांना १९२१ मध्येच रशियन निर्वासितांचे उच्चायुक्त नेमले होते. पगार घ्यावयाचा नाही आणि राष्ट्रसंघाने निर्वासितांच्या पोषणावर पैसा खर्चावयाचा नाही, असा एकंदर मामला. मग खर्चाशिवाय काय देता येईल? त्यांनी कागद दिला. ५ जुलै १९२२ रोजी जिनिव्हाला सरकारांच्या प्रतिनिधींनी एक नमुना मान्य केला : निर्वासित ज्या देशात आहे त्या देशाने त्याला ओळखीचा दाखला द्यावा, आणि इतर देशांनी तो मानून त्यावर व्हिसा द्यावा. यालाच लोक नान्सेन पासपोर्ट म्हणू लागले. पुढे पन्नासावर सरकारांनी तो मानला. १९२४ मध्ये आर्मेनियन लोकांना आणि १९२८ मध्ये असिरियन व इतर काही समाजांना तो लागू झाला. कागदी घोडे नाचविणे हा आपल्याकडे निंदेचा शब्दप्रयोग आहे. येथे घोडे कागदीच होते, पण त्यांच्यावर बसून माणसे सरहद्दी ओलांडून गेली. स्त्राविन्स्की आणि राखमानिनोव्ह हे संगीतकार, शागाल हा चित्रकार, नाबोकोव्ह हा कादंबरीकार यांच्यापाशी हाच पासपोर्ट होता.

दोष त्यात होतेच. दिलेल्या देशात परत येण्याचा हक्क त्याने आपोआप मिळत नसे. म्हणून जाऊ देणारे सरकार खूश आणि घेणारे साशंक. नाबोकोव्हने या कागदाविषयी पुढे कडवटच लिहिले आहे. दाखल्यावर एक तिकीट लावावे लागे, पाच सुवर्ण फ्रँकांचे, त्यावर नान्सेन यांचा चेहरा छापलेला. ज्यांना ऐपत होती त्यांनी तिकीट घ्यावयाचे आणि तो पैसा निराधार निर्वासितांसाठी वापरावयाचा. सरकारांनी हात आखडता घेतल्यावर निर्वासितांनीच निर्वासितांना पोसण्याची ही युक्ती होती.

१९२२ च्या सप्टेंबरात तुर्की सैन्य स्मर्ना शहरात शिरले, शहर जळाले, आणि दहा लाखांवर ग्रीक ख्रिस्ती आशिया मायनरमधून पळून ग्रीसमध्ये आले. ग्रीसची स्वतःची वस्ती तेव्हा पन्नास लाखांच्या आसपास. नान्सेन कॉन्स्टँटिनोपलला गेले आणि तेथून त्यांनी पुढे मांडलेली तोड म्हणजे लोकसंख्येची अदलाबदल. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी तसा करार केला. सुमारे बारा लाख ख्रिस्ती इकडे, साडेतीन-चार लाख मुसलमान तिकडे. आणि सक्तीने. पळून आलेले परत जाऊ शकत नव्हते हे खरे. पण जे आपल्या गावात अजून सुखाने नांदत होते त्यांनाही आता उठविण्यात आले.

या अदलाबदलीची कसोटी होती धर्म. भाषा विचारलीच नाही. कापादोकियातले ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या तुर्की बोलत; त्यांना ग्रीसला पाठविले, आणि तेथे त्यांची भाषा कोणाला कळेना. क्रीट बेटावरचे मुसलमान ग्रीक बोलत. ते तुर्कस्तानात जाऊन परके झाले. आपल्या गल्लीत एका घरी मराठी आणि शेजारच्या घरी कन्नड बोलतात, आणि दोन्ही घरची मुले दोन्ही भाषांत भांडतात. अशा ठिकाणी राहणाऱ्याला ही हकीगत वाचून जे वाटेल ते इतरांना वाटेलच असे नाही. त्या वर्षीच्या हिवाळ्यात नान्सेन यांच्यापुढे छावण्यांत मरणारी माणसे होती, आणि दोन्ही सरकारांना मान्य होईल असा दुसरा मार्ग दिसत नव्हता, असे त्यांचे समर्थक म्हणतात. ते मला कळते. तरीही त्यांच्या साऱ्या कार्यात हीच एक गोष्ट अशी आहे की जिने माणसांना घरी नेले नाही, घरातून काढले. आणि ती पायंडा होऊन बसली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरील १९४० च्या आपल्या ग्रंथात ग्रीस, तुर्कस्तान आणि बल्गेरिया यांच्यातील अदलाबदलीचा दाखला दिला आहे. १९४७ मध्ये पंजाबात जे झाले ते कोणत्याही करारावाचूनच झाले.

१९२२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक नान्सेन यांना मिळाले. ती रक्कम त्यांनी मदतकार्यातच घातली. तिच्यातील काही भागातून सोव्हिएत प्रदेशात आदर्श शेतीची केंद्रे उभी केली. १९२३ मध्ये मुसोलिनीने ग्रीसच्या कॉर्फू बेटावर तोफा डागल्या, तेव्हा बड्यांनी ते प्रकरण आपसात मिटवू नये, राष्ट्रसंघापुढे यावे, असा आग्रह धरणाऱ्या लहान देशांच्या प्रतिनिधींत ते होते. ते मिटविले गेले अर्थात आपसातच. जर्मनीला राष्ट्रसंघात घ्यावे म्हणूनही ते झटले; १९२६ मध्ये जर्मनी आली.

शेवटची पाच वर्षे आर्मेनियाने खाल्ली. १९१५ च्या कत्तलींतून वाचलेले आर्मेनियन लोक सीरियात, ग्रीसमध्ये, जागा मिळेल तेथे पडले होते. युद्धकाळात दोस्त राष्ट्रांनी त्यांना मायभूमीची वचने दिली होती. १९२५ मध्ये नान्सेन स्वतः सोव्हिएत आर्मेनियात गेले, तज्ज्ञ नेले, एरिव्हानच्या आसपासच्या कोरड्या जमिनी पाहिल्या, कालवे कोठून काढता येतील याची मोजदाद केली. पाणी आले तर हजारो कुटुंबे बसतील असा पक्का आराखडा त्यांनी राष्ट्रसंघापुढे ठेवला. त्याला कर्ज हवे होते. वर्षामागून वर्षे ते दर सभेत उभे राहिले आणि दर सभेत समिती नेमली गेली. प्रथम रक्कम कमी केली, मग आणखी कमी केली, आणि १९२९ मध्ये योजना कायमची गुंडाळली. वचने देणाऱ्यांत ज्यांची नावे होती त्यांनीच पैसे नाकारले. या विषयावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकात एरवीचा संयमी शास्त्रज्ञ फार संतापलेला दिसतो.

येथे माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर बरेचसे हाती लागते. कैद्यांना घरी नेणे साऱ्यांनाच हवे होते, फक्त एकमेकांशी बोलावयाला कोणी तयार नव्हते. तेथे लहान देशाचा विश्वासू माणूस पुरेसा ठरला. पासपोर्टाला पैसा लागत नव्हता, तोही झाला. जेथे बड्यांनी थैलीचे तोंड सोडावयाचे होते तेथे त्यांच्या नावाचा, कीर्तीचा, नोबेलचा काही उपयोग झाला नाही.

१३ मे १९३० रोजी ऑस्लोजवळच्या आपल्या घरी, व्हरांड्यात बसले असता नान्सेन यांचे निधन झाले. १७ मे हा नॉर्वेचा संविधानदिन. त्याच दिवशी त्यांची अंत्ययात्रा निघाली. त्यांच्या अस्थी घराच्या आवारात पुरल्या आहेत. त्यांच्या मागे राष्ट्रसंघाने नान्सेन यांच्या नावाचे कार्यालय काढले. १९३८ मध्ये ते बंद होण्याच्या बेतात असता त्यालाच शांततेचे नोबेल मिळाले. निर्वासितांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा १९५१ चा करार निर्वासित कोण हे सांगताना आधी नान्सेन यांच्या काळातील व्यवस्थांखाली ज्यांना निर्वासित मानले गेले त्यांचा उल्लेख करतो, आणि मग पुढची व्याख्या देतो. पुढे नॉर्वेने हीच वाट धरली : १९९३ चा इस्रायल-पॅलेस्टाईन समझोता ऑस्लोच्या नावाने ओळखला जातो, भूसुरुंगबंदीच्या कराराचा मसुदा १९९७ मध्ये ऑस्लोत पक्का झाला, आणि श्रीलंकेत २००२ ची युद्धबंदी नॉर्वेच्या मध्यस्थीने झाली. ती टिकली नाही.

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. पण हुबळीपलीकडे मुंडगोडला १९६६ पासून तिबेटी निर्वासितांची मोठी वसाहत आहे. तेथील पुष्कळ माणसांना परदेशी जावयाचे झाले की भारत सरकार एक पिवळी ओळखपुस्तिका देते. पासपोर्टाच्या जागी ती दाखवावयाची असते.